ट्रेलरचे ब्रेक कोणी जोडले, याबाबत

जबाब देणार: वय ६१ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागे, स्वतःचे घर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी व थोरली मुलगी, वय २९, असे राहतो. घरची आठ सीटची व्हॅन माझ्या नावावर आहे.

माझी लाकूड कापायची व रंधा मारायची मशीन नव्या शेडमध्ये न्यायची होती. त्यासाठी ब्रेक असलेला जुना ट्रेलर घेतला. असा ट्रेलर ओढायचा तर व्हॅनमध्ये कंट्रोलर लागतो. व्हॅनचा ब्रेक दाबला की तो ट्रेलरच्या ब्रेकला वीज पुरवतो. गॅरेजमधून बसवून घेऊ, असे माझे म्हणणे होते. मुलगी म्हणाली, मी बसवते. ती गाड्यांचे वायरिंग करते. पण घरच्या गाडीला मी तिला हात लावू देत नसे. मी नाक मुरडले, हे खरे आहे.

तिने तीन रविवार घालवले. चेसिसला हुक बसवला, बॅटरीपासून मागच्या प्लगपर्यंत वेगळी वायर ओढली, डॅशबोर्डखाली कंट्रोलर लावला. त्याला हाताने सरकवायचा खटका आहे. त्याने एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. मैदानात ट्रेलर आधी रिकामा, मग भरून ओढला आणि ब्रेकचा जोर जुळवला. व्हॅनचे ब्रेक पाहिलेत का, असे तिने मला विचारले. मी हो म्हणालो. मी वरून ऑइल तेवढे पाहिले होते, खाली वाकून पाइप पाहिला नव्हता.

आज सकाळी अकराच्या सुमारास मशीन भरून आम्ही दोघे टेकडीचा उतार उतरत होतो. गाडी मी चालवत होतो. खाली चौकात शाळेची मुले रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबला, पेडल तळाला गेले. पुन्हा दाबला, तरी तेच. मुलगी म्हणाली, "बाबा, स्टिअरिंग सरळ धरा. थांबवायचं मी बघते."

तिने खटका सरकवला. ट्रेलरने व्हॅनला मागून धरून ठेवले. वेग कमी झाल्यावर मी हँडब्रेक ओढला. मुलांपासून सात पावलांवर गाडी थांबली. पावले मी नंतर मोजली, दोनदा.

मागच्या मोटारसायकलवाल्याची तक्रार आहे की, घरी जोडलेल्या ट्रेलरमुळे हा प्रकार झाला. ते बरोबर नाही. तपासणीत व्हॅनचा ब्रेकचा पाइप गंजून फुटलेला आढळला. तो पाहणे माझे काम होते. ट्रेलरच्या वायरिंगची एक क्लिपही हलली नव्हती. तपासनीस साहेब बराच वेळ गाडीखाली होते. बाहेर येऊन त्यांनी विचारले, हे काम कोणाचे? मुलगी काही बोलण्याआधी मी सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात ट्रेलरचे ब्रेक "मुलीने वडिलांच्या मदतीने" जोडले, असे लिहिले होते. असू द्या, म्हणून मुलीने मला खुणावले. मी "वडिलांच्या मदतीने" एवढे शब्द खोडायला लावले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. खाडाखोडीपाशी माझी सही आहे.