शून्य उरायला हवं होतं

"हॅलो?… हो ताई, मीच. जरा मोठ्यानं बोल, फोन खांद्यावर धरलाय… अगं स्वयंपाक कसला, डाग देतेय, सोल्डरिंग… हो, हो, पाच वाजता कानांचे डॉक्टर. लक्षात आहे माझ्या."

धाकटीच्या टेबलावर दोन ॲम्प्लिफायर होते. एक सभागृहाचा, संध्याकाळपर्यंत म्हणून मागून आणलेला. त्या सभागृहाचा आवाज बाबांनी तीस वर्षं सांभाळला होता. गेल्या आठवड्यात ते म्हणाले, कुणी हळू बोललं की आवाज फाटतोय. व्यवस्थापकांनी आणखी दोघांना ऐकायला लावलं. त्यांना काहीच जाणवलं नाही. "काका, आता कान दाखवून घ्या," असं म्हणून त्यांनी बाबांचं काम काढून घेतलं. तेव्हापासून बाबांनी दुरुस्तीच्या पकडीला हात लावला नव्हता.

"नाही गं, डॉक्टरांना माझा विरोध नाही… ऐक ना. दारावरची घंटी त्यांना ऐकू येत नाही, मान्य. पण घंटीचा आवाज बारीक, अगदी वरचा. हा सभागृहातला फाटका आवाज खालच्या पट्टीतला आहे. एक गेलं म्हणून दुसरंही गेलं, असं कसं धरायचं?… म्हणून तर हे सर्किट… सोप्पं आहे. ॲम्प्लिफायरमध्ये जातो तो आवाज एकीकडे. बाहेर येतो तो दुसरीकडे. बाहेरचा मोठा असतो ना? तो लहान करून आतल्याएवढा करायचा. मग एकातून दुसरा वजा… हां! शून्य उरायला हवं. उरलं काही, तर ते ॲम्प्लिफायरनं पदरचं घातलेलं. आणि उरलं की हा लाल दिवा लागणार… हो, चुगलखोर दिवा! बरोब्बर."

ताई पलीकडे हसली, तशी धाकटीलाही हुरूप आला.

"तीन दिवस लटकले होते गं. आवाज चांगला असूनही दिवा आपला पेटलेलाच. डोकं पिकलं. मग लक्षात आलं, बाहेरचा आवाज केसभर उशिरा येतोय, म्हणून वजाबाकी चुकतेय. आतल्यालाही तेवढाच उशीर करायला लावला… झालं की! गप्प बसला… आता? आता बाबा पलीकडच्या खोलीत स्पीकरसमोर बसलेत. दिवा त्यांना दिसत नाही… कसे म्हणजे? मी म्हटलं, माझं सर्किट तपासायचंय, तुमचे कान नाही. लगेच उठले… दुसरा ॲम्प्लिफायर माझा. दोन वर्षांपूर्वी केलेला, तोच. तो चोख आहे, म्हणून मापाला ठेवलाय. हा खटका इकडे केला की सभागृहाचा, तिकडे केला की माझा. कुठला चालू आहे ते त्यांना सांगायचं नाही… थांब, ठेवू नकोस! तूही ऐक."

तिनं सूर सुरू केला आणि आवाज अगदी खाली आणला.

"बाबा, हा कसा वाटतो?… ताई, ऐकलंस? 'फाटलाय' म्हणाले. आणि दिवा… लागलाय! अगं लागलाय!… गप्प, गप्प. पुढचा. बाबा, हा?… स्वच्छ म्हणतायत. दिवा बंद. हा?… फाटलाय. लागला! ताई, माझ्या कानाला दोन्ही सारखेच वाटतायत गं… तुला फोनवर काय कळणार! हा?… स्वच्छ. बंद… आणखी दोन… तेही जुळले! सहा झाले, सहाही बरोबर. रडतेयस का तू?… बरं, नाही तर नाही. शेवटचा एक. आवाज आणखी थोडा खाली घेते. बाबा, हा?…"

दिवा बंद होता. खटका तिच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरकडे होता. पलीकडून मात्र बाबा ठामपणे "फाटलाय" म्हणाले होते.

"…हं. चुकले… हो ताई, कळलं, सातात एक चूक चालते. पण… बाबा, नक्की?… नक्की म्हणतायत. आवाजात जरासुद्धा शंका नाही गं. थांब हं. दिवा किती बारीक उरलेल्यावर पेटावा, ते मीच ठरवलंय ना? हा स्क्रू. जरासा फिरवून बघते… अजून जरा…"

ती इतकी वाकली की नाक दिव्याला टेकायचं बाकी राहिलं.

"ताई. लागला. अगदी मिणमिणता, पण लागला… नाही, नाही, सर्किट बिघडलं नाहीये. खटका पुन्हा बघितला मी. हा माझाच ॲम्प्लिफायर आहे. इतक्या हळू आवाजात माझाही फाटतोय, आणि मी त्याला माप म्हणून ठेवलाय!… बाबा! हा माझा होता, माहीत होतं तुम्हाला?… काय?… ताई, 'पहिल्या दिवसापासून' म्हणतायत. दोन वर्षं! मग बोलला का नाहीत?…"

तिनं उत्तर ऐकलं. हातातला स्क्रूड्रायव्हर तिनं टेबलावर ठेवला.

"…हं. आहे गं, इथेच आहे. ते म्हणाले, 'तुझा पहिलाच होता ना. किती खूश होतीस.'… हो… हो ना… सभागृहात जाताना हा दिवा घेऊनच जाते मी. व्यवस्थापकांना सांगायचं काही नाही, नुसतं दाखवायचं… डॉक्टरांचं? विचारते. बाबा, पाच वाजता… येतो म्हणतायत! म्हणे, घंटीचं बघून घेऊ एकदा… अय्या, ते इकडेच आले. ताई, माझ्या ॲम्प्लिफायरचं झाकण काढलं त्यांनी. हातात पकड घेतलीय… नाही गं, रागावले नाहीत. बस म्हणतायत शेजारी, दाखवतो कुठे चुकलीस ते… ठेवते मी. ठेवते, ठेवते, नंतर बोलू!"