तिप्पट भाडं

(पार्से. काजूच्या जुन्या कोठीत सहा मशिनं घोंगावताहेत. गौरेश संगणकासमोर, त्याची आई पद्मावती दारात.)

पद्मावती: कित्याक त्या बटणावर बोट धरून बसलंस? दाबायचा तर दाब, नायतर जेवक चल.

गौरेश: हे दाबलं की मी कबूल केलं असं होतं, आई. आमच्या गटाची नोटीस आलीय. सोमवारपासून ह्या यादीतल्या माणसांचे व्यवहार वहीत घ्यायचे नाहीत.

पद्मावती: खयची वही?

गौरेश: बिटकॉइनची. कोणी कोणाला किती पाठवले ते तिच्यात चढतं, आणि चढवायचं काम माझ्यासारखे मशीनवाले करतात. एकट्याचं काम नव्हे, म्हणून गट. काय चढवायचं ते गट ठरवतो आणि मला रोजचे पैसे रोज देतो.

पद्मावती: त्या माणसांनी केल्यांनी काय?

गौरेश: लिहिलेलं नाही. नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे.

पद्मावती: मगे त्यांचे पैशे अडकान रवतले?

गौरेश: ज्याचं अडतं तो शुल्क वाढवून ठेवतो. त्या शुल्कासाठी दुसरा कोणीतरी त्याला वहीत घेईल, ह्या भरवशावर हे सगळं उभं आहे.

पद्मावती: आणि तुमच्या गटाक ते पैशे नको?

गौरेश: अजून नड नाही. वहीचं एक पान भरलं की ठरलेलं बक्षीस मिळतं, त्यापुढे लोकांचं शुल्क किरकोळ. एकाला वगळलं तर काय जातं? ते बक्षीस दर चार वर्षांनी निम्मं होतं. पुढे कधीतरी शुल्कावरच जगावं लागेल, तेव्हा नाही म्हणणं जड जाईल.

पद्मावती: तुका बाबली आठवता? पेडण्याच्या स्टँडवरचो रिक्षावालो?

गौरेश: ज्याला तू माझ्या लग्नाचं बोलावणं दिलं नाहीस?

पद्मावती: तोच. तू अकरा म्हयन्यांचो होतंस. तुझ्या बापाशीन देवळाच्या जमनीवरून समितीवर केस घातलेली, म्हणान गावान आमका वाळीत टाकलेला. तेव्हाच तुका आकडी इली. म्हापशाक हॉस्पिटलात न्हेवक होया होता. बाबलीन तिप्पट भाडा मागल्यान. मी तुका पोटाशी धरून बसलंय आणि तो नोटा मोजत होतो. ता माका अजून विसरूक होणा नाय.

गौरेश: गावातलं कोणीच आलं नाही?

पद्मावती: पयली मी गोकुळदासाकडे गेल्लंय.

गौरेश: काकाकडे? काका तर माझ्यावर जीव टाकतो.

पद्मावती: तेव्हाय टाकी. समितीची जीप तोच चालवी, ती त्याच्या दारात असायची, म्हयन्याक पगार होतो. दारात उभो रवान म्हणालो, वहिनी, माझ्यान जमाचा नाय. आणि रडलो.

गौरेश: हे तू कधीच सांगितलं नाहीस.

पद्मावती: काय सांगतलंय? तो वाईट माणूस नाय. आणि बाबलीक मी इतकी वर्षां शिव्या घालतंय. तो चांगलो नव्हतोच. त्याका तुझी दया नव्हती, भाडा होया होता. पण तू म्हापशाक पोचलंस.

गौरेश: ही यादी न मानणारा एक लहान गट आहे. पण तिथं रोजचे पैसे नाहीत, मिळेल तेव्हा मिळेल. सुविधाला आठवा महिना चाललाय, आई.

पद्मावती: म्हणान तर मी तुका दाब म्हणाचंय नाय आणि दाबू नको म्हणाचंय नाय. सुविधाक विचार.

गौरेश: सकाळी विचारलं. म्हणाली, ज्यांचं नावच ठाऊक नाही त्यांची वाट कशाला अडवायची. पण माझ्या सहा मशिनांनी जगाचं काय अडणार?

पद्मावती: बाबलीकडे एकच रिक्षा होती.

गौरेश: सोडतो मी हा गट, त्या लहान गटात जातो. पण पैसे कधी येतील ते मला सांगता येणार नाही.

पद्मावती: बाबलीकय कळायचा नाय, आज भाडा मिळात काय नाय. म्हणान तर इलो तो.