कन्यादानाला कोण बसणार?

इरम : म्हणजे हात व्याह्यांच्याच हातात राहिला?

दत्तोबा : व्हय! सुपारी फुटली, पाव्हण्यांनी खुशीत माजा हात धरून हलवला. मी इकडं, हात तिकडं.

इंदूताई : दात काय काढताय? इरम, चारचौघांत नाक कापलं गं बाई.

दत्तोबा : नाक हाय जाग्यावर. हातच ग्येला.

इरम : पण काका, रबरी हाताचा पट्टा आवळला नव्हता?

इंदूताई : मीच नको म्हणाले. सदऱ्यातून दिसतो ना. पाव्हण्यांना आम्ही ‘हाताला जरा लागलंय’ एवढंच सांगितल्यालं.

इरम : मनगटापासून हात कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेला, त्याला ‘जरा लागलंय’? निदान मला, तुमच्या फिजिओला तरी विचारायचं! आणि कामाचा तो आकड्याचा हात कुठंय?

इंदूताई : कपाटात. लग्नघरात लोखंडी आकडा बरा दिसतो का?

दत्तोबा : आगं, पाव्हणं काय म्हनलं ते सांग की हिला.

इंदूताई : तुम्हीच सांगा. तुम्हाला लई हौस.

दत्तोबा : त्यांनी हात उलटासुलटा करून बघितला आन् इचारलं, ‘किती टनाच्या प्रेसवर ग्येला?’ म्या म्हनलं, दोनशे. मग त्यांनी खिशातनं आपला डावा हात भायेर काढला. दोन बोटं न्हाईत! चाकणला कंपनीत गेल्यात. चार बैठका झाल्या, गडी रुमाल गुंडाळून बसायचा!

इरम : या अल्ला! दोघंही लपवत होता?

दत्तोबा : मग काय! हसून हसून च्या सांडला.

इरम : मग आता अडलंय कुठं? तीन आठवडे व्यायामाला आला नाहीत तुम्ही.

दत्तोबा : येऊन काय करू, पोरी? सोरूपाच्या कन्यादानाला माजा धाकला भाऊ बसनार हाय. बबन.

इंदूताई : सोजराआत्या म्हणाल्या, अपुऱ्या अंगाचा बाप बसला तर लेकीचा संसार अपुरा राहतो. मागल्या जन्माचं काहीतरी असल्याबिगर का असा हात जातो? म्हणून तर आठ महिने मी घास घास भरवतेय. सेवा केली की दोष फिटतो.

इरम : काकू, मागच्या जन्मानं नाही, कंपनीनं मशीनचा सुरक्षेचा सेन्सर बंद ठेवून काम करून घेतलं म्हणून हात गेला. आणि तुमच्या सेवेनं काकांचा धडधाकट डावा हात पार आयतोबा झालाय.

दत्तोबा : आयतोबा! बापावानीच बोलतीस, रहिमान मिस्त्रीची पोर शोभती खरी!

इंदूताई : डाव्या हातानं का कुणी जेवतं?

इरम : भूक लागली की जेवतं.

दत्तोबा : इंदे, आता माजं ऐक. सोरूपाला खांद्यावर बसवून शाळंत नेलीया म्या. तिला दुसऱ्यानं दिल्याली बघत मांडवात कोपऱ्याला बसू व्हय? न्हाई जमायचं. मला बसायचंय.

इंदूताई : मला वाटत नसंल का? पण ओंजळ कशी धरणार? पाणी जावयाच्या हातावर पडायच्या आधीच गळून जाईल.

इरम : करून तर बघू. आणा तांब्या.

(इंदूताई तांब्या आणते. दत्तोबाच्या एकट्या डाव्या पंजातून पाणी फरशीवर सांडतं.)

इंदूताई : बघ. सांगत नव्हते?

इरम : तांब्या माझ्याकडं द्या. आता काकांच्या उजवीकडं बसा आणि तुमचा उजवा हात त्यांच्या हाताला लावा.

इंदूताई : आन् मांडवात पाणी कोण सोडंल? ते तर आईचं काम.

दत्तोबा : बबन सोडंल की. त्याचा बी मान राहील.

इंदूताई : आत्या काय म्हणतील हो?

दत्तोबा : म्हनू दे. करंगळी लाव. आनखी जवळ ये, लाजतीस काय या वयात!

इरम : सोडते हं... राहिलं की काकू! थेंबसुद्धा गळला नाही.

इंदूताई : अगंबाई, राहिलं खरं.

दत्तोबा : आगं, पन माजा हात किती थरथरतोय बघ.

इंदूताई : तुमचा न्हाई हो. माझा थरथरतोय.