जावेच्या कार्डावर

आधी सरोजताईंचं नाव लिवा, मग माझं. त्या नसत्या तर माझा हात गेलाच असता, नावबी गेलं असतं. नाव कसं जातं ते सांगते, पण दमानं सांगते, आजकाल बोलतानाबी थकायला हुतंय.

मी निंगव्वा. इंडीकडचं खेडं, घरात कन्नड, शाळाबी कन्नडच. चौथीपातूर शिकले, मग अव्वा, म्हंजे आई, म्हणाली धाकट्या भावंडांकडं कोण बघणार, सुटली शाळा. लगीन झालं आणि मालकांच्या मागनं उचगावला आले. मालक म्हंजे माझा नवरा, सिद्राम. त्येंचा थोरला भाऊ आणि त्याची बायको शांताक्का, माझी जाऊ, आधीपासनं हितं फौंड्रीत कामाला. एकच खोली, मधी साडीचा पडदा, पलीकडं ती दोघं, अलीकडं आम्ही. मराठी मी नळावर शिकले. हितलं बोलणं पैल्यांदा भांडणच वाटायचं, शेजारीण जेवलीस का इचारायची तेबी असं की मी दोन पावलं मागं सरायची. माणसं वाईट न्हाईत, आवाज मोठा हाय एवढंच.

तर शांताक्का बाळंतपणाला गावाकडं गेली आणि तिकडंच ऱ्हायली, सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं करायला कुणीतरी पायजे की. ठेकेदार मला म्हणाला, कामगाराचं नवं कार्ड काढायला लै भानगडी, तू जावेच्या कार्डावर उभी ऱ्हा. मला तर उपकारच वाटले. आमच्या खात्यात आठ बायका, आणि आठच्या आठ दुसऱ्याच्या कार्डावर, कुणी नणंदेच्या, कुणी बहिणीच्या. काशीबाई तर मेलेल्या चुलतीच्या. ती म्हणायची, आमच्या चुलतीला मेल्यावरबी सुट्टी न्हाय बघा. आम्ही हसायचो. सकाळी मुकादम शांता म्हणून ओरडायचा, मी हजर म्हणायची. चार वर्सं. बाजारात कुणी शांता म्हणून हाक मारली तरी माझीच मान वळायची, काय सांगू तुम्हाला.

काम म्हंजे कोअरचं. ओतीव लोखंडात जिथं पोकळ पायजे तिथं घालायचा वाळूचा गाभा, तापलेल्या साच्यात वाळू भाजून तो काढायचा. त्या दिवशी मी गाभा काढाय हात घातला आणि साचा मिटला. उजवा हात. पुढचं मला आठवत न्हाय, काशीबाईचं ओरडणं तेवढं आठवतंय, आणि ती ओरडत हुती ते बी शांता, शांता म्हणूनच.

कामगारांच्या दवाखान्यात नाव लागलं शांताचं. म्हंजे जाऊ तिकडं गावाला सासूला पेज भरवत बसलेली आणि कागदावर हात तिचा भाजलेला. पंधरा दिवस चाललं. मग अंगठ्याचं मशीन पुढं आलं. उजवा अंगठा भाजलाय म्हटल्यावर खिडकीतली बाई म्हणाली डावा लाव, डावा लावला, कार्डावर ठसे शांताक्काचे, तो कसा जुळंल? ती म्हणाली तुमच्या कार्डाचं बघून या, तवर ड्रेसिंग न्हाय. मालक म्हणाले गप बस, खोटं नाव लावलं म्हणून आत घालतील. मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. हाताला वास याला लागलावता.

तिथंच सरोजताई भेटल्या. कागलच्या, रोज एसटीनं यायच्या. कुणी न इचारता शेजारी बसल्या, डबा उघडला, माझा हात बघितला आणि घास माझ्या तोंडाफुडं धरला. जुनी वळख असल्यागत. मी खाल्ला. खाताना रडले, आणि सगळं सांगून टाकलं.

त्या एका ट्रस्टच्या. ट्रस्टची माणसं आमच्या चाळीत आधीबी यायची, दुसऱ्याबी संस्था यायच्या, ब्लँकेट द्यायच्या, फोटू काढायच्या. ह्या ट्रस्टचे म्हातारे आप्पा एकदा म्हणाले, पावणं, तुम्हाला नेमकं काय पायजे? काशीबाई म्हणाली, ब्लँकेटं चार झाली, अंथरूण तेवढं एकच हाय. त्यापरीस आमच्यासंगं हापिसात बसणारं एक माणूस द्या, कागद वाचणारं आणि आमच्यावतीनं ओरडणारं. सगळी हसली. आप्पा हसले न्हाईत. दुसऱ्या महिन्यापासनं सरोजताई दवाखान्यात, हापिसात बसाय लागल्या, आठवड्यातनं एकदा वकीलबाई; माझी गाठ तेवढी त्या बाकड्यापातूर पडली नव्हती. त्येंचा पगार ट्रस्ट देती. चाळीत कुणी म्हणालं, ब्लँकेटाऐवजी बाई कशाला? मीबी तेच म्हणालेवते, कशाला खोटं सांगू.

तोवर ठेकेदार खोलीवर आला, सफरचंदं घेऊन. म्हणाला, बाई, तू शांताच ऱ्हा, मी बाहेरच्या डॉक्टरकडं नेतो. तू नाव बदललंस तर बाकीच्या सात जणींनाबी घरी बसावं लागंल, बघ बाई. काशीबाई दारात उभी. ती मला म्हणाली, तुझा हात भाजला, आमच्या चुली कशाला इझवतीस?

सरोजताईंना म्हटलं, तुम्हीच सांगा काय करू. त्या म्हणाल्या, निंगव्वा, ते मी सांगणार न्हाय. खरं सांगितलंस तर तुझ्या शेजारी बसीन, न्हाय सांगितलंस तरी उद्या डॉक्टरकडं तुझ्यासंगं येईन. आप्पा चाळीत येऊन सतरंजीवर बसले, म्हणाले, सात जणींचं काम सुटलं तर दुसरं मिळंस्तवर धान्य ट्रस्टचं, आणि वकीलबी आठीजणींना ट्रस्टचाच. त्येंच्याच वळखीच्या कारखानदारांचे, हे थांबवा म्हणून, फोन त्येंना येत हुते, हे मला मागनं कळलं.

कामगार हापिसात सायबांनी इचारलं, नाव? जीभ बघा कशी, शांता वर आलं, तोंडातच आलं. सरोजताईंनी गुडघ्याला गुडघा लावला, एवढंच. मी म्हणाले, निंगव्वा सिद्राम. सायबांनी पेन खाली ठेवला. मी चार वर्सांचं सगळं सांगितलं.

आत कुणी घातलं न्हाय. ड्रेसिंग परत सुरू झालं, माझ्या नावानं. केस अजून चाललीय, तारखेला जाते, बसते, येते. सातांतल्या चौघींना आपापल्या नावाची कार्डं मिळाली. तिघींचं काम सुटलं. ट्रस्टनं धान्य दिलं, दोघी कापडाच्या दुकानात लागल्या. काशीबाई अजून घरी हाय. नळावर मी आले की ती घागर उचलती, अर्धी असली तरी. तिचं चुकलं असं मी म्हणत न्हाय.

आता बोटं उघडत न्हाईत. दवाखान्यातनं रबरी चेंडू दिलाय दाबायला, मी ज्वारीचं पीठ दाबते, तेवढंच घरचं वाटतंय. भाकरी मालक थापतात. कडेला चिरा पडल्याल्या, मधी जाड, आणि वर मलाच म्हणतात खा गुमान. खाते.

सरोजताईंनी त्या बाकड्यावर मला भरवलं, ते मी इसरले न्हाय. त्येंना काय देणार मी? पण हे तेवढं लिवा. हा हात ज्या दिवशी उघडंल त्या दिवशी पैली भाकरी मी थापीन, आमच्या गावासारखी पातळ, तीळ लावलेली, कडक, आणि ती घेऊन कागलला जाईन, आणि पैला घास माझ्या ह्या उजव्या हातानं त्येंना भरवीन. दिवस लागतील. पण भरवीन.