अनुसयेची गूळतुला

बसा मंडळी, बसा. पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. टाळकरी, जरा दम घ्या. आज गाणं थोडं आणि बोलणं जास्त होणार आहे.

आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. हसल्यानं माणूस मरतं का?

काय? नाही? अहो, जरा विचार करून सांगा! विषानं मरतं, पाण्यात बुडून मरतं, विजेच्या तारेनं मरतं. पण चारचौघांनी हसल्यानं? तुम्ही म्हणता नाही. मीसुद्धा पन्नास वर्षं नाहीच म्हणत होतो. ऐका तर मग.

एक गाव होतं, बोरवंड. तुमच्या गावासारखंच. तिथं चैत्रात सप्ताह बसायचा, आणि काल्याच्या दिवशी देवळापुढं व्हायची गूळतुला. तुमच्याकडंही आहे की ही रीत! उद्या सकाळी आहेच. नवस फेडायचा, माणूस एका पारड्यात बसवायचा आणि दुसऱ्यात गुळाच्या ढेपा ठेवायच्या. दहा-दहा किलोची एक ढेप. आणि ढेप पडली की सगळ्या गावानं मोठ्यानं मोजायचं. एऽक! दोऽन! पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे! गुळाचा मग प्रसाद. गोड रीत आहे, नाही?

त्या सप्ताहाला एक महाराज यायचे. नामांकित! आणि देह कसा? गाडीतून महाराज उतरायच्या आधी त्यांचं पोट उतरायचं! आयोजक आधी पोटाला हार घालायचे, मग महाराजांना!

हसलात ना? हसा, हसा. फक्त हसलात एवढं लक्षात ठेवा.

त्या गावात ढमाल्यांची सून होती. नाव अनुसया. चौतिशीची असेल. महिलांच्या भजनी मंडळात चाल तीच उचलायची. आवाज असा स्वच्छ, की तिनं पहिला शब्द घेतला की ओट्यावरची म्हातारी माणसं बोलायची थांबायची. सासू गयाबाई तोंडानं फटकळ, पण सुनेचं गाणं असलं की पुढं जाऊन बसायची. शेजारणीला म्हणायची, "बघ गं, माझी हाय ती!"

एकदा अनुसयेचा नवरा भानुदास ट्रॅक्टरखाली सापडला. दोन महिने दवाखान्यात. गयाबाईनं देवापुढं पदर पसरला. "माझं लेकरू घरी येऊ दे. सुनेच्या वजनाचा गूळ वाहीन." लेकरू घरी आलं! थोडं लंगडतं, पण आलं. नवस फेडायचा राहिला. या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू, असं करत तीन वर्षं गेली.

त्या तीन वर्षांत अनुसया बदलली. आधी आवाज घोगरा झाला. मंडळातल्या बाया म्हणाल्या, दही खाल्लं असशील. मग अंग भरायला लागलं. जेवण तेवढंच, म्हणजे दीड भाकरी! पण चोळ्या होईनात, बांगड्या चढेनात. केस गळायला लागले. आणि झोप! भाकरी थापता थापता डोळा लागायचा. लोक काय म्हणाले असतील? अहो, तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हणाला असता?

बरोबर. "खाऊन खाऊन सुस्तावली."

शेवटी भानुदासनं तिला तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याला हात लावून बघितलं, रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉईड. आता मी काही डॉक्टर नाही, पण बाईंनी तिला जे सांगितलं ते मला पाठ आहे. म्हणाल्या, "गळ्यात एक ग्रंथी असते. ती मंदावली की सगळं शरीर मंदावतं. चुलीत विस्तवच नसेल तर फुंकर घालून काय उपयोग? तसं आहे हे. तुमचा काही दोष नाही." मंडळी, "तुमचा काही दोष नाही" एवढं ऐकलं आणि ती बाई दवाखान्यात रडायला लागली. तीन वर्षांत कुणी म्हणालंच नव्हतं तिला तसं.

गोळी दिली. इवलीशी, ज्वारीच्या दाण्याएवढी. रोज पहाटे उठलं की अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा नंतर तासाभरानं. आणि बजावलं, "उपाशी राहायचं नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी वेळेवर खा. रोज चाला. वजन हळूहळू उतरेल, घाई करू नका. आणि गोळी मनानं बंद करायची नाही."

अनुसयेनं केलं हो सगळं! पहाटे गोळी घ्यायची, मग ओढ्यापर्यंत चालत जायचं आणि यायचं. चार महिन्यांत तीन किलो उतरले. तुम्हाला तीन किलो म्हणजे काहीच वाटणार नाही, पण तिला विचारा! हिरव्या बांगड्या पुन्हा हातात चढल्या. आणि एक दिवस भांडी घासताना ती गुणगुणली, तशी गयाबाई आतून ओरडली, "अगं, आवाज आला की तुझा!"

आणि मग आला चैत्र. गयाबाई म्हणाली, औंदा नवस फेडायचाच.

आता चूक कुठं झाली बघा. गयाबाईनं ढेपा आणल्या सहा. नवस बोलली तेव्हा सून होती अठ्ठेचाळीस-पन्नास किलोची. तेच तिच्या डोक्यात. घरच्या माणसाला रोज बघतो, त्याचं वजन कोण करतं? सहा म्हणजे एक जास्तीचीच, असा तिचा हिशेब.

अनुसया पारड्यात बसली. नवी साडी, कपाळी मळवट. गाव मोजायला लागलं. एऽक! दोऽन! तीऽन! चाऽर! पाऽच! पारडं हललं नाही. सहाऽ! हललं नाही. आणि गूळ संपला!

कुणीतरी मागून खुदकन हसलं.

त्या वेळी महाराजांनी काय करायला हवं होतं? दोन हात जोडून म्हणायचं, देवाला पोचलं, उतरा माई. पण महाराजांच्या हातात माईक होता, आणि समोर दोन हजार माणसं. महाराज म्हणाले, "अरे, दुकानात कशाला जाता? साखर कारखान्याला फोन लावा! माईंनी नवस नाही केला, देवाची परीक्षा घेतलीय!"

हसलं हो गाव! असं हसलं की झाडावरचे कावळे उडाले. दुकानातनं आणखी दोन ढेपा आणल्या. साऽत! आठ्ठऽ! तेव्हा कुठं पारडं उचललं. टाळ्या, शिट्ट्या! अनुसयाही हसत होती. तोंडाला पदर लावून हसत होती.

बायांनो, तुम्हाला ठाऊक आहे तो पदर कशासाठी असतो. पुरुषांना मी सांगणार नाही.

उतरल्यावर ती महाराजांच्या पाया पडायला आली. हळू आवाजात म्हणाली, "महाराज, मला आजार हाय. गोळी चालू हाय. फरक पडतोय."

महाराजांनी ऐकलं का? ऐकलं! पण माईक अजून हातातच होता. म्हणाले, "गोळीनं काय होतंय, माई! जिभेला लगाम घाला. एकादशी करा, सोमवार करा, गुरुवार करा. पुढच्या चैत्रात याच पारड्यात बसा. पाच ढेपांत उचलल्या, तर माझ्या गळ्यातला हार तुमच्या गळ्यात!"

तिनं विचारलं, "उपासाला गोळी चालते का, महाराज?"

साधा प्रश्न. "चालते" एवढंच म्हणायचं होतं. पण लोकांपुढं साधं बोललं तर महाराज कसले! म्हणाले, "उपास म्हणजे उपास! ज्याच्यावर भार टाकायचा, त्याच्यावर पुरता टाका!" टाळ्या! नामाचा गजर! महाराज जेवायला गेले. पुरणपोळी होती.

मंडळी, मृदुंग थांबवा जरा. इथून पुढं त्याचं काम नाही.

त्या दिवसापासून तिनं गोळी बंद केली. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. भानुदास म्हणायचा, "अगं, गोळी घे की." ती म्हणायची, "भरल्या गावात शब्द गेलाय माझा. महाराज सांगून गेल्यात." नवी बाटली आणलेली होती, ती तिनं देव्हाऱ्यात फोटोमागं ठेवून दिली. देवावर भार टाकला!

वजन उतरलं? नाही! तोंड सुजलं, पाय सुजले. उपाशी बाई फुगत चालली. मग गाव काय म्हणालं? "चोरून खाते!" अहो, गाव जाऊ द्या. गयाबाईनं शेंगदाण्याच्या डब्याला कुलूप घातलं. अनुसयेनं ते कुलूप बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर तो डबा फेकून मारला असता! ती भजनात जायची थांबली, कारण आवाज पुरुषासारखा झाला होता. आश्विनाच्या उकाड्यात अंगात स्वेटर घालून बसायची. म्हणायची, "थंडी वाजती, आत्याबाई." आत्याबाई म्हणायच्या, "एवढी चरबी असून थंडी?"

पौषात खरी थंडी आली. खोकला झाला, कणकण आली. एका सकाळी ती उठली नाही. गयाबाई हाका मारून दमली, म्हणाली, "झोप बघा महाराणीची!" म्हणून अंगावरचं पांघरूण ओढलं आणि हात लावला. पाय दगडासारखे गार. श्वास चालू होता, पण माणूस जागं होईना.

गाडी करून नेली. त्याच डॉक्टरीणबाई धावत आल्या. सगळं केलं त्यांनी. मग भानुदासला बाजूला घेऊन विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?"

भानुदास म्हणाला, "चैत्रापासून."

बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. नुसत्या खुर्चीवर बसल्या. तिसऱ्या दिवशी अनुसया गेली.

पुन्हा चैत्र आला. तेच महाराज आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? काल्याच्या दिवशी तराजू लावला. पुकारणाऱ्याच्या हातात नवसाची यादी होती, त्यात गेल्या चैत्रात महाराजांपुढंच लिहिलेलं एक नाव तसंच राहिलं होतं. त्यानं वाचलं, "अनुसया भानुदास ढमाले!"

पुढं कुणी येईना. महाराजांना वाटलं, माई लाजली. माईकवरून म्हणाले, "या माई, या! पाच ढेपा तयार आहेत!"

बायांतून गयाबाई उठली. एकटीच. हळूहळू चालत पुढं आली. एका पारड्यात पाच ढेपा होत्या. दुसऱ्या पारड्यात तिनं पदराखालून काढून एक बाटली ठेवली. गोळ्यांची. सील न फोडलेली.

पारडं तसूभर हललं नाही हो. कसं हलेल? गोळ्या त्या! त्या सगळ्या मिळून मूठभर शेंगदाण्यांएवढ्यासुद्धा भरल्या नसत्या.

गयाबाई म्हणाली, "मोजा की आता. मोजा समद्यांनी. माझी सून एवढ्यात वाचली असती. मी डब्याला कुलूप लावलं, महाराज. तुमी तोंडाला लावलं असतं तर!"

मंडळी, त्या महाराजांचं नाव तुम्ही मला विचारलं नाही. मघापासून वाट बघतोय मी. विचारा की!

हे पोट बघा. याला तुम्ही मघाशी हसलात. गाडीतून आधी हेच उतरतं.

मीच तो.

मी तिला हात लावला नाही, विष दिलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. फक्त दोन हजार माणसांना हसवलं. गयाबाईचे पाय धरले मी त्या दिवशी. तिनं पाय मागं घेतले. बरोबर केलं. ती म्हणाली, "माझ्या पाया पडून काय उपेग? सांगत फिरा." म्हणून सांगत फिरतोय. गावोगाव. दर वेळी सांगताना वाटतं, आज तरी जीव हलका होईल. होत नाही. होऊही नये.

आता तुमच्याकडं येतो. मघाशी पोटाला हसलात, तेव्हा या मांडवात कितीजण हसले नाहीत, ते मी इथून बघितलंय. हसण्याच्या जागी पदर वर गेला त्यांचा. नावं घेत नाही. पण तुमच्या घरात कोण आहेत त्या, तुम्हाला माहीत आहे. लग्नात "फोटोत मावेना" म्हणता तिला. ताटात भात वाढताना तिच्याकडं बघता. बघू नका. आणि ज्या माईच्या घरात सकाळची गोळी आहे, तिनं ऐकावं. एकादशी असो, सोमवार असो, गोळी घ्यायची. पाण्याबरोबर घ्यायची, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवस सोडायची नाही. कुणी महाराज काही वेगळं सांगेल तर म्हणायचं, महाराज, तुम्ही गप्प बसा. मला म्हणा, मी ऐकेन.

आणि अध्यक्ष, तुम्ही इकडं या. उभे राहा. उद्या सकाळी तुमच्या गावात तुला आहे. किती नवस आहेत? अकरा. उद्या ढेपा मोठ्यानं मोजायच्या नाहीत. एकही आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही. पारडं उचललं की टाळ वाजवा, नाव घ्या देवाचं आणि माणसाला हात धरून उतरवा. देवाला गूळ पोचतो, आकडा लागत नाही त्याला. कबूल?

कबूल म्हणा, अध्यक्ष. मान नका हलवू, बोला!

बोलले. ऐकलंत सगळ्यांनी.

आता गजर करू, पण आज चाल मी उचलणार नाही. मागं भिंतीशी ती माई बसलीय, आत्ता पदर खाली घेतलेली. हो, तुम्हीच. आवाज कसा का असेना, उचला तुम्ही. आम्ही सगळे मागं म्हणतो. विठोबा, हिच्या मागं म्हणायची बुद्धी आम्हाला शेवटपर्यंत राहू दे. हं माई, घ्या.