बारा नंबरचा कॅमेरा

आई : दुसरी कुणी असेल हो. तसलं दप्तर छप्पन्न मुलींकडे असतं.

बाबा : माझी मुलगी मला ओळखता येत नाही का? रोज दुकानाच्या वरच्या मजल्यावर पडद्यांसमोर बसून चोरच तर शोधतो मी. बारा नंबरच्या कॅमेऱ्यात होती. सेंटची बाटली उचलली आणि सरळ दप्तरात टाकली.

आई : नाकासमोर चालणारी पोर ती. आपल्या मुलाचं नाव घेतलं असतंत, तर मी लगेच मान्य केलं असतं.

बाबा : तेच तर. गेल्या वर्षी त्यानं शेजाऱ्यांची गाडी पळवली, तेव्हापासून आपण त्याच्यामागे हात धुऊन लागलो. त्याचा फोन बघायचा, खिसे चाचपायचे, मित्रांच्या घरी चौकशी करायची. हिला कधी विचारलं, कुठं गेली होतीस?

आई : गरीब गाय, तिला काय विचारायचं? बरं, मग तुम्ही काय केलंत? रखवालदाराला सांगितलंत?

बाबा : नाही. वॉकीटॉकी हातात होता, तो बंद करून ठेवला. बसून राहिलो. इतकी लाज वाटली मला.

आई : बरं केलंत, नाही सांगितलंत ते.

बाबा : कसलं बरं? चित्रण आहे तिथंच. सकाळी साहेब बघणार. पुसलं तर माझी नोकरी जाईल, ठेवलं तर पोरगी पोलिसांत.

आई : मग आता?

बाबा : मला काही सुचत नाही गं. खरंच नाही सुचत.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

आई : ऐकलंस ना सगळं? खरं आहे का हे?

मुलगी : हो.

आई : अगं, मागितली असतीस तर घेऊन दिली नसती का आम्ही?

मुलगी : मला सेंट आवडतच नाही.

बाबा : उचलताना तू वर बघितलंस. कॅमेऱ्याकडे. मी तिथं आहे, हे ठाऊक होतं तुला?

मुलगी : दुपारी तुम्हीच असता ना, बाबा.

बाबा : आणि तरी उचललीस?

मुलगी : दादाला यायला जरा उशीर झाला, की तुम्ही चपला घालून शोधायला निघता. मी तर दुकानाच्या पायऱ्यांवरच बसले होते. कितीतरी वेळ.

बाबा : कशाला?

मुलगी : वाटलं, तुम्ही खाली याल.