म्हशीकडून काय शिकायचं?

तुम्ही चहा घ्या, मी सांगते. आमचा भाचा सुमेध कुकटपल्लीत सतराव्या मजल्यावर राहतो आणि त्याच उंचीवरून बोलतो. त्याच्या दोन वर्षांच्या पोरीसाठी मी नांदेडहून गमतीचं चित्रांचं पुस्तक आणलं. एक म्हैस नटायला पार्लरमध्ये जाते, खुर्ची मोडते आणि ती धपकन पडते. बस्स, एवढंच.

सुमेधने पुस्तक चाळलं. "आत्या, यात लर्निंग काय आहे?"

"म्हैस पडते."

"ते नाही गं. पोरीने यातून घ्यायचं काय?"

घ्या! आता हसायलाही कारण दाखवा!

मग पोरीला मांडीवर घेऊन साहेबांनी मुलाखतच सुरू केली. म्हशीचा कलर कोणता? शिंगं किती? पोर उत्तर द्यायची, की नवरा-बायको टाळ्या पिटायचे, "गुड जॉब!" म्हैस पडते ते पान आलं, तर हा विचारतो, "खुर्चीचा शेप कोणता?"

"नक्को रे बाबा, आण इकडे!" मी पुस्तक ओढून घेतलं, पोरीसमोर म्हशीसारखी रेकले आणि सोफ्यावरून धपकन खाली पडले. मलाच हसू आवरेना.

पोरगी हसली नाही. तिने गंभीरपणे माझ्याकडे पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "गुड जॉब, आजी."

त्यावर तिच्या आईबापांनी तिच्यासाठी टाळ्या पिटल्या. मी खालीच पडलेली होते.